बॅटमॅनची मोटारगाडी



मनुष्याला मनुष्याचा लळा लागतो, यांत नवल नाहीं. गाईचा, घोड्याचा, दाराशीं बसणाऱ्या कुत्र्याचा लळा लागतो, तेंहि आपल्या परिचयाचें आहे. परंतु जिला जीव नाहीं, जी आपल्या मालकीची नाहीं, जींत आपण एकदांहि बसलों नाहीं, आणि जी आपण एका लहानशा पडद्यावरच काय ती पाहिली, अशा एखाद्या गाडीचा लळा माणसाला जन्मभर पुरावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. अमेरिकेंतील अशाच एका गाडीविषयीं आज मी आपणांशीं चार शब्द बोलणार आहें. तिचें नांव बॅटमोबील. १९६६ सालीं ती दूरचित्रवाणीच्या पडद्यावर प्रथम धांवली, आणि त्या वेळीं जीं मुलें सात-आठ वर्षांचीं होतीं, तीं आज साठी ओलांडून गेलीं आहेत. त्यांपैकीं कित्येकांच्या घरीं तिची लहानशी प्रतिकृति आजहि जपून ठेविलेली आढळते. याला वेड म्हणावें, पोरकटपणा म्हणावा, कीं त्यांत कांहीं जपण्याजोगें आहे, असा प्रश्न सुज्ञ मनुष्याला पडतो. त्याचें उत्तर त्या गाडीच्या चरित्रांतच आहे, असें मला वाटतें; म्हणून आधीं तें चरित्र सांगतों.

प्रथम गाडीच्या धन्याची ओळख करून घेऊं. बॅटमॅन हें पात्र बॉब केन आणि बिल फिंगर या दोघांनीं निर्माण केलें. ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ या चित्रकथांच्या मासिकाच्या मे १९३९ च्या अंकांत तें प्रथम अवतरलें. बॅट म्हणजे वटवाघूळ. लहानपणीं ज्याच्या डोळ्यांदेखत दरोडेखोरानें त्याच्या आईबापांचा खून केला, असा हा एक धनाढ्य गृहस्थ. एरव्हीं तो सभ्य नागरिक म्हणून वावरतो, आणि प्रसंग पडला कीं वटवाघुळाचा वेष घेऊन गॉथम नांवाच्या कल्पित नगरींतील दुष्टांचें पारिपत्य करतो. त्याच्या आधीं एकच वर्ष, म्हणजे १९३८ सालीं, सुपरमॅन नांवाचा दुसरा वीर जन्मास आला होता. या दोघांतला भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. सुपरमॅनच्या अंगीं दैवी म्हणावें असें सामर्थ्य आहे. तो आकाशांतून उडतो. बॅटमॅन तुमच्या-माझ्यासारखा हाडामांसाचा माणूस. बुद्धि, व्यायामानें कमावलेलें शरीर आणि हाताशीं असलेलीं साधनें, एवढ्यावरच त्याचा सारा पराक्रम. संकटाची वार्ता आली कीं त्याला इतरांप्रमाणें रस्त्यानेंच जावें लागतें. उडणाऱ्या वीराला वाहनाची गरज नाहीं. या वीराला मात्र गाडीवांचून गत्यंतर नाहीं. १९४१ सालीं चित्रकथेंत या गाडीला बॅटमोबील हें नांव मिळालें. तेव्हांपासून बॅटमॅन म्हटला कीं गाडी आलीच, असा पायंडा पडून गेला.

ही झाली कागदावरची गाडी. पत्र्याची आणि चाकांची जी खरी गाडी पुढें प्रसिद्धीस आली, तिची जन्मकथा अगदीं वेगळी आहे. ती बॅटमॅनसाठीं जन्मलीच नव्हती.

त्या काळीं अमेरिकेंतील मोठमोठ्या मोटारकंपन्यांत एक प्रघात होता. उद्यांची मोटार कशी असेल, हें लोकांना दाखविण्याकरितां त्या एखादी अद्भुत गाडी केवळ प्रदर्शनासाठीं घडवीत. ती बाजारांत विकावयाची नसे. लोकांनीं तिच्याकडे पाहून थक्क व्हावें आणि कंपनीचें नांव घ्यावें, एवढाच हेतु असे. फोर्ड कंपनीच्या लिंकन या शाखेनें १९५५ सालीं अशीच एक गाडी पुढें आणली. तिचें नांव फ्यूचूरा, अर्थ ‘भविष्यकालीन’. विल्यम श्मिट आणि जॉन नाजार या कल्पक रेखनकारांनीं तिचा आकार ठरविला. बहामा बेटांजवळ समुद्रांत बुडी मारली असतां श्मिटला जे मोठे मासे दिसले, त्यांच्यावरून त्याला ही कल्पना सुचली असें सांगतात. इटलींतील ट्यूरिन शहरच्या गिया या कारखान्यांत कारागिरांनीं तिचा पत्रा हातानें घडविला. या एका गाडीवर सुमारें अडीच लक्ष डॉलर खर्च झाला. लांबी जवळजवळ १९ फूट, रुंदी ७ फूट, आणि उंची मात्र साडेचार फुटांहूनहि थोडी कमी. मागें माशाच्या पंखांसारखे दोन उंच पंख. चालक आणि त्याचा सोबती यांच्या डोक्यांवर पारदर्शक पदार्थाचे दोन स्वतंत्र घुमट. मागून येणाऱ्या वाहनांचा आवाज आंत ऐकूं यावा म्हणून पाठीवर एक ध्वनिग्राहकहि बसविलेला. अंगावर मोत्याची झांक असलेला पांढरा-निळसर रंग. प्रदर्शनांतल्या गाड्या बहुधा जागच्या हलत नसत. ही मात्र रस्त्यावर खरोखर धांवत असे. जानेवारी १९५५ मध्यें शिकागोच्या मोटारप्रदर्शनांत ती लोकांसमोर आली, आणि उद्यां आपण सारे अशाच गाड्यांतून हिंडणार, असें पाहणाऱ्यांना वाटलें असल्यास त्यांना दोष देतां येणार नाहीं.

पण तो उद्यांचा दिवस उगवला नाहीं. तिच्या दिव्यांवरील पडव्या आणि मागचे पंख यांची थोडीशी छाया पुढील एक-दोन वर्षांच्या लिंकन गाड्यांत उतरली, इतकेंच. घुमटाच्या गाड्या कोणी घेतल्या नाहींत, आणि पंखांची हौसहि लौकरच ओसरली. प्रदर्शनांतलें आश्चर्य दरवर्षीं नवें लागतें. कालचें आश्चर्य आज जुनें होतें. १९५९ सालीं ‘इट स्टार्टेड विथ ए किस’ या चित्रपटांत या गाडीला एक काम मिळालें. तिचा मोत्यासारखा रंग चित्रांत नीट उठत नाहीं म्हणून तिला तांबडा रंग फासण्यांत आला. चित्रपट झाला आणि गाडीचें काम संपलें. पुढें ती जॉर्ज बॅरिस या कारागिराच्या आवारांत कित्येक वर्षें पडून राहिली. अडीच लक्ष डॉलरची ही गाडी फोर्ड कंपनीनें नाममात्र एक डॉलर घेऊन त्याच्या नांवें करून दिली, अशी हकीकत आहे.

हा बॅरिस १९२५ सालीं शिकागोंत जन्मलेला. कॅलिफोर्नियांतील नॉर्थ हॉलिवुड येथें त्याचा कारखाना होता. लोकांच्या साध्या गाड्या घ्याव्या, त्यांचा पत्रा कापावा, जोडावा, वांकवावा, आणि धन्याच्या हौसेप्रमाणें त्यांना नवें रूप द्यावें, हा त्याचा धंदा. १९६५ च्या अखेरीस विल्यम डोझिअर नांवाचे निर्माते बॅटमॅनवर दूरचित्रवाणीची मालिका काढण्याच्या तयारींत होते. गाडीचें काम आरंभीं डीन जेफ्रीज या दुसऱ्या कारागिराकडे दिलें होतें, आणि त्यानें १९५९ ची एक कॅडिलॅक गाडी घेऊन हात घातलाहि होता. इतक्यांत प्रक्षेपण करणाऱ्या एबीसी कंपनीनें मालिका लौकर सुरू करण्याचें ठरविलें. इतक्या थोड्या वेळांत काम होणार नाहीं, असें जेफ्रीजनें कळविलें, आणि तें बॅरिसकडे आलें. मुदत होती अवघी तीन आठवड्यांची.

तीन आठवड्यांत कोरी गाडी घडविणें कोणासहि शक्य नव्हतें. बॅरिसची दृष्टि आवारांत पडलेल्या फ्यूचूराकडे गेली. तिचे ते उंच पंख, तें लांबट अंग, तें पुढें आलेलें तोंड! वटवाघूळ तींत आधींपासूनच दडून बसलें होतें. त्याला केवळ बाहेर काढावयाचें होतें. पत्रा कापण्या-जोडण्याचें मुख्य काम त्यानें बिल कुशनबेरी या आपल्या व्यवसायबंधूकडून करवून घेतलें. मागच्या पंखांच्या कडा वटवाघुळाच्या पंखांसारख्या कंगोरेदार केल्या. दिव्यांवरील पडव्यांना कानांचा आकार दिला, आणि पुढल्या भागाला वटवाघुळाचें तोंड. घुमटांचा मधला भाग काढून टाकला, म्हणजे वीरांना उडी मारून आंत बसतां यावें. सर्वांगाला तकतकीत काळा रंग आणि प्रत्येक कडेला नारिंगी तांबडी रेघ. पाठीमागें ज्वाळा ओकणारें मोठें नळकांडें. नाकाशीं साखळदंड कापणारें पातें. बैठकीमागें अग्निबाणांच्या तीन नळ्या. गाडी जागच्या जागीं वळविण्यासाठीं मागें उघडणाऱ्या दोन हवाई छत्र्या. आणि आंत दूरध्वनि.

मी आयुष्यभर मुलांना शिकविण्याचें काम केलें. शाळेंत एखादें मूल असें असतें कीं, गणिताच्या तासाला त्याचें कांहीं चालत नाहीं, व्याकरणांत त्याचा पाय अडतो, आणि सारे त्याला निरुपयोगी ठरवून मोकळे होतात. पण स्नेहसंमेलनांत त्याला राजाची भूमिका द्यावी, तर तें असें उभें राहतें कीं आम्हां मास्तरांनाहि त्याची ओळख पटूं नये. या गाडीचें तसेंच झालें. भविष्य दाखविण्याची परीक्षा ती नापास झाली. सोंगाच्या खेळांत मात्र तिला तिची खरी जागा सांपडली.

बुधवार, ता. १२ जानेवारी १९६६ रोजीं ही मालिका अमेरिकेंत सुरू झाली. अॅडम वेस्ट हा बॅटमॅन आणि बर्ट वॉर्ड हा त्याचा तरुण सोबती रॉबिन. बुधवारीं गोष्ट अशा जागीं तोडावयाची कीं दोघे वीर मृत्यूच्या दाढेंत सांपडले आहेत. आणि गुरुवारीं त्याच वेळीं त्यांची सुटका दाखवावयाची. मालिका रंगीत होती, पण बहुतेक घरांतले पडदे अजून कृष्णधवलच होते. त्या पडद्यांवर नारिंगी रेघ दिसावयाची नाहीं. परंतु काळी गाडी काळीच दिसे.

आतां गाडीच्या आगमनाचा विधि पाहा. तांबडा दूरध्वनि वाजतो. पलीकडून पोलिसप्रमुख संकट सांगतात. शेक्स्पिअरच्या अर्धपुतळ्याचें मस्तक मागें कलंडवून आंतली कळ दाबली कीं पुस्तकांचें कपाट बाजूला सरकतें. मागें दोन खांब दिसतात. त्यांवरून घसरत वीर तळघरांतल्या गुहेंत उतरतात, तों खालीं पोंचतांना त्यांचा वेष बदललेला असतो. फिरत्या पाटावर गाडी उभी असते. दोघे उडी मारून बसतात. अणुशक्तीच्या बॅटऱ्या व टर्बाइन सज्ज असल्याची वर्दी रॉबिन देतो. मागून ज्वाळा उठते, आणि गाडी गुहेच्या तोंडांतून सुसाट बाहेर पडते. दर आठवड्यास हेंच. इतकेंच नव्हे, तर गुहेंतून गाडी बाहेर पडण्याचें दृश्य एकदां घेऊन ठेविलेलें तेंच पुनःपुन्हां दाखवीत. एखादा म्हणेल, ही तर काटकसर झाली. काटकसर खरीच; पण लहान मुलांना ती कधीं जाणवली नाहीं. ज्यांनीं मुलांना गोष्टी सांगितल्या आहेत त्यांना ठाऊक आहे कीं, मुलाला नवी गोष्ट आवडते, त्याहून ऐकलेली गोष्ट अधिक आवडते. तींत आपण एक शब्द फिरविला तर तें लगेच चूक दाखवितें. मोठ्यांचें जग रोज बदलतें, दिलेलीं वचनें मोडतें. त्या जगांत एक गोष्ट ठरल्याप्रमाणें, ठरल्या वेळीं, ठरल्या रीतीनें घडते, आणि संकटांत सांपडलेल्याकडे मदत निघते, याचा मुलाच्या मनाला केवढा आधार असतो! या गाडीच्या प्रेमाचें पहिलें कारण मला हें दिसतें. ती नेहमीं येत असे.

दुसरें कारण त्याहून सूक्ष्म आहे. ही मालिका मुलांसाठीं गंभीर होती आणि मोठ्यांसाठीं विनोदी. बॅटमॅन अत्यंत गंभीर मुद्रेनें अत्यंत हास्यास्पद गोष्टी बोलत असे. गुहेंतल्या प्रत्येक यंत्रावर आणि गाडींतल्या कळींवर ठळक अक्षरांत नांवाची पाटी असे. प्रयोगशाळेंतल्या बाटल्यांवर आम्हीं चिठ्ठ्या चिकटवाव्या, त्यांतलाच प्रकार. मुलाला त्या पाट्या शास्त्रशुद्ध वाटत. शेजारीं बसलेला बाप त्याच पाट्या वाचून हंसे. पुढें तें मूल मोठें होई, जुने भाग पुन्हां पाही, आणि तेव्हां त्याला कळे कीं हा सारा विनोद होता. अशा वेळीं फसवणूक झाल्याचें दुःख व्हावयास पाहिजे. पण तसें होत नसे. कारण त्या विनोदांत मुलाच्या श्रद्धेची टवाळी नव्हती. सज्जनपणा या गोष्टीला मालिका हंसली नाहीं. ती सज्जनाच्या ताठ बोलण्याला हंसली. म्हणून आठव्या वर्षींचा विश्वास आणि चाळिसाव्या वर्षींचें हास्य हीं दोन्हीं त्या एकाच गाडींत शेजारीं शेजारीं बसूं शकलीं. बालपणींच्या बहुतेक आवडी मोठेपणीं लाजेनें लपवाव्या लागतात. ही लपवावी लागली नाहीं.

एका लहान गोष्टीचा उल्लेख शिक्षकाच्या नात्यानें करतों. बॅटमॅन गाडी हांकण्यापूर्वीं रॉबिनला सुरक्षापट्टा बांधावयास लावीत असे. शहरावर संकट कोसळलें आहे, क्षणाचाहि विलंब परवडणारा नाहीं, आणि तरीहि आधीं पट्टा. मोठीं माणसें या विसंगतीला हंसत. परंतु अमेरिकेंत नव्या मोटारगाड्यांत असे पट्टे असलेच पाहिजेत हा सरकारी नियम लागू झाला तो १ जानेवारी १९६८ पासून. आणि पट्टा बांधलाच पाहिजे, अशी सक्ति करणारा पहिला कायदा न्यूयॉर्क राज्यानें केला तो १९८४ सालीं. म्हणजे कायद्याच्या आधीं ही गाडी तो धडा देत होती. उपदेश कंटाळवाणा होतो, असें आपण म्हणतों. पण मुलाला ज्या गाडींत बसण्याची इच्छा आहे, त्या गाडीचा नियम तें आनंदानें पाळतें.

आतां पडद्यामागचें सत्यहि सांगितलें पाहिजे. अणुशक्तीवर चालणाऱ्या या गाडीची साधी बॅटरी वारंवार उतरून जाई. इंजिन तापे. महागडे टायर फुटत. दहा वर्षांच्या जुन्या प्रदर्शनी गाडीला दिवसभर दिव्यांच्या उजेडांत पुढें-मागें करणें मानवत नव्हतें. शेवटीं मालिका चालू असतांनाच तिचें इंजिन आणि दांतेचक्रांची पेटी काढून फोर्डच्या गॅलक्सी गाडीची घालावी लागली. गुहेचें तोंड म्हणून जें दाखवीत, तें लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कांतील ब्रॉन्सन दरीमधलें एक खरेंखुरें भुयार. तें इतकें अरुंद कीं तेथून ती ७ फूट रुंदीची गाडी बेतानें, हळूच काढावी लागे. आणि तो वेग चित्रफीत जलद फिरवून आणलेला असे. हें वाचून कोणाला वाटेल कीं सोंग उघडें पडलें. मला उलट वाटतें. जी गाडी खरोखर सर्वशक्तिमान होती तिचें कौतुक होईल, माया होणार नाहीं. जिची बॅटरी उतरते, आणि तरी जी बुधवारीं वेळेवर गुहेंतून बाहेर पडते, तिच्यावर माणूस जीव लावतो.

मालिकेचा भर ओसरला तोहि लौकरच. तिसऱ्या वर्षीं ती आठवड्यांतून एकदांच दाखवूं लागले, आणि १४ मार्च १९६८ रोजीं १२० भाग पुरे होऊन ती बंद झाली. परंतु जुने भाग अनेक वर्षें पुन्हांपुन्हां दाखविले जात, त्यामुळें धाकट्या भावंडांच्या पिढीलाहि ती गाडी भेटली. आणि आणखी एका वाटेनें ती घरोघर पोंचली. वेल्समधील स्वान्सी येथें कॉर्गी या नांवानें खेळण्यांतल्या धातूच्या मोटारी होत असत. त्या कारखान्यानें १९६६ सालींच या गाडीची एक वीतभरहि लांब नसलेली प्रतिकृति काढली. आंत दोन्हीं वीर बसलेले. गाडी ढकलली कीं मागची ज्वाळा आंत-बाहेर होई. कळ दाबली कीं नाकांतून पातें निघे. नळ्यांतून इवले इवले बाण सुटत. ते बाण कपाटाखालीं जाऊन हरवावयाचे हें ठरलेलेंच. ज्या मुलानें पडद्यावरची गाडी दुरून पाहिली, त्याच्या मुठींत ती आली. कोणी म्हणतील, हा तर निव्वळ व्यापार. होय, व्यापार होता. पण दुकानदारानें विकला तो पत्रा; त्या पत्र्याला जमिनीवर रांगत रांगत ज्यानें गॉथम नगरींतून फिरविलें, त्या मुलानें त्यांत घातलें तें विकत आणलेलें नव्हतें.

या गाडीचें स्थान काय, हा प्रश्न न्यायालयापुढेंहि आला, हें ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल. कॅलिफोर्नियांतील एक कारागीर १९६६ च्या आणि १९८९ च्या चित्रपटांतील बॅटमोबीलच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृति करून सुमारें ९० हजार डॉलरला एक याप्रमाणें विकीत असे. चित्रकथांचे हक्क असणाऱ्या डीसी कॉमिक्सनें त्याच्यावर फिर्याद केली. गाडी ही उपयोगाची वस्तु. तिच्यावर ग्रंथकर्त्यासारखा हक्क कसा सांगतां येईल, असा बचाव होता. २०१५ सालीं अमेरिकेच्या नवव्या विभागाच्या अपील न्यायालयानें निर्णय दिला कीं, बॅटमोबील ही नुसती वस्तु नव्हे, तें एक पात्र आहे. तिचें रूप काळानुसार बदललें, तरी तिचे ठराविक गुण कायम राहिले. ती वटवाघुळासारखी दिसते, ती वीराला अडचणींतून सोडविते, तिच्यापाशीं नेहमीं नवीं साधनें असतात, आणि जेथें दिसेल तेथें ती तीच म्हणून ओळखूं येते. जें न्यायाधीशांनीं कायद्याच्या भाषेंत सांगितलें, तें आठ वर्षांच्या मुलांना १९६६ सालींच ठाऊक होतें.

मूळ गाडी बॅरिसनें आपल्याच मालकीची ठेविली होती; मालिकेला ती भाड्यानें दिलेली असे. जवळजवळ अर्धें शतक ती त्याच्यापाशीं राहिली. १९ जानेवारी २०१३ रोजीं अॅरिझोनांतील स्कॉट्सडेल येथें तिचा लिलांव झाला. बोली ४२ लक्ष डॉलरवर थांबली, आणि दलालीसह ४६ लक्ष २० हजार डॉलर मोजून एका गृहस्थानें ती नेली. कधीं काळीं जिची किंमत एक डॉलर झाली होती, तीच ही गाडी. हा आंकडा ऐकून मला आपल्या महाभारतांतील एक प्रसंग आठवतो. युद्ध संपल्यावर श्रीकृष्णानें अर्जुनाला रथांतून आधीं उतरावयास सांगितलें, मग तो स्वतः उतरला; आणि दोघे उतरतांच तो रथ जळून भस्म झाला. द्रोण-कर्णांच्या अस्त्रांनीं तो केव्हांच जळलेला होता. सारथि वर बसला होता म्हणूनच तो टिकला होता. लिलांवांत विकली गेली ती गाडी जळली नाहीं, ती तकतकीत उभी आहे. पण तिचे सारथि उतरून गेले आहेत. बॅरिस ५ नोव्हेंबर २०१५ रोजीं वारला. अॅडम वेस्ट ९ जून २०१७ रोजीं वारला, आणि त्या महिन्यांत एका रात्रीं लॉस एंजेलिसच्या नगरभवनाच्या उंच भिंतीवर वटवाघुळाची प्रकाशाकृति पाडून लोकांनीं त्याला निरोप दिला. पैसे देऊन गाडी घेतां येते. बुधवारची ती संध्याकाळ, स्वयंपाकघरांतून येणारा आईचा आवाज आणि पडद्यापुढें जमिनीवर बसलेलीं भावंडें, हीं कोणत्याहि लिलांवांत निघत नाहींत.

यानंतर बॅटमॅनवर पुष्कळ चित्रपट झाले. १९८९ सालीं त्याला लांब, काळीभोर, भयानक गाडी मिळाली. २००५ सालीं रणगाड्यासारखी दणकट. त्या गाड्या बनविणाऱ्यांचें कौशल्य मोठें, यांत शंका नाहीं. त्या अंगावर आल्या तर भीति वाटेल. १९६६ च्या गाडीची भीति कोणा मुलाला वाटली असेल, असें मला वाटत नाहीं. ती दुष्टांच्या मागें धांवे, पण तिचें दार मुलांकडे उघडें असे.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे येतों. हें प्रेम पोरकट आहे काय? या गाडीच्या चरित्रांतला मुख्य अर्थ मला असा दिसतो. १९५५ सालीं शहाण्या, अनुभवी माणसांनीं अडीच लक्ष डॉलर खर्चून भविष्य घडविलें, आणि तें खोटें ठरलें. दहा वर्षांनीं दुसऱ्या माणसांनीं घाईघाईंत, तीन आठवड्यांत, त्याच पत्र्यांतून मुलांसाठीं एक खेळ घडविला, आणि तो टिकला. फ्यूचूरा म्हणून जी गाडी उद्यांकडे तोंड करून उभी होती, तिच्याकडे आज लोक कालची म्हणून पाहतात आणि गहिंवरतात. याचें कारण असें कीं, भविष्य हें कोणाच्या राहण्याची जागा नसतें. तें पाहून माणूस थक्क होतो आणि पुढें जातो. बालपणांत मात्र प्रत्येक जण राहून आलेला असतो. ज्या वस्तूनें त्या घरांत आपल्याला सोबत केली, ती वस्तु आपल्या वयाबरोबर म्हातारी होते, आणि तिला पाहिलें कीं आपण कोणत्या गोष्टीवर एके काळीं विश्वास ठेवीत होतों, तें आठवतें. संकट आलें तर कोणी तरी निघेल, वेळेवर पोंचेल, आणि निघण्यापूर्वीं सोबत्याचा पट्टा बांधला आहे कीं नाहीं हें पाहील, एवढाच तो विश्वास. जगाच्या अनुभवानें तो पुष्कळदां पोळतो. पण ज्याला तो मुळीं आठवतच नाहीं, त्याच्यापेक्षां ज्याला एका काळ्या गाडीच्या निमित्तानें कां होईना आठवतो, तो मनुष्य मला अधिक सुखी वाटतो, आणि कदाचित् शेजारी म्हणूनहि अधिक चांगला.

म्हणून कोणा वृद्ध गृहस्थाच्या टेबलावर अशी लहानशी गाडी दिसली, तर तिला हंसूं नये. तिचे बाण कोठें गेले, असें त्यांना विचारावें. ते हरवलेले असतील. पण त्यांची हकीकत सांगावयाला त्या गृहस्थांना नक्कीच आवडेल. एवढें सांगून मी आपली रजा घेतों.